अर्धी बाही

गल्लीत कुणालाही प्रेशरमामांचं खरं नाव विचारा, चार जण एकमेकांची तोंडं बघतील. चौतीस वर्षं त्यांनी शहराला पाणी पुरवणाऱ्या पंपहाऊसमध्ये काढली, आणि त्यांतली निम्म्याहून जास्त एकाच लोखंडी स्टुलावर, समोरच्या भिंतीवरच्या सात गोल काचांकडे बघत. प्रत्येक काचेत एक काटा. काटा हिरव्यात असला की सगळं आलबेल. काटा लाल रेघेकडे सरकायला लागला की मामा उठायचे, एक मोठं चाक अर्धा फेरा फिरवायचे आणि परत बसायचे. पण उठण्याआधी काचेवर बोटानं दोनदा टकटक करायचे. काटा अडकून तर बसला नाही ना, याची ही खात्री. न टकटकता चाक फिरवणारा माणूस त्यांच्या लेखी माणूसच नव्हे.

अशा माणसाला घरी आणून बसवलं की घरच्यांच्या नाकी नऊ येणारच. कुणी म्हटलं, जरा बरं वाटत नाही, की मामांचा प्रश्न ठरलेला, "जरा म्हणजे किती?" भाजीत मीठ कमी आहे, तर किती कमी? मुलगी म्हणाली, बाबा, ऑफिसात फार ताण आहे, तर मामा गंभीरपणे म्हणाले, "कालच्यापेक्षा जास्त का कमी ते सांग." निवृत्तीनंतर महिनाभर त्यांनी घरातल्या नळांची, गॅसच्या शेगडीची आणि मामींच्या स्वयंपाकाची इतकी तपासणी केली, की शेवटी मामींनी मुलीला फोन केला, "तुझ्या बाबांना काहीतरी दे बाई, नाहीतर मीच पंपहाऊसला जाऊन बसते."

मुलीनं आपला जुना कॉम्प्युटर आणून दिला आणि त्यात एक गेम घालून दिला. कुठल्याशा बर्फाळ ग्रहावर बारा माणसं उतरलेली असतात. त्यांच्यासाठी घरं बांधायची, शेती करायची, त्यांना जगवायचं. मामांना आधी तो पोरखेळ वाटला. पण मुलीनं एका चिमुकल्या माणसावर बोट ठेवलं, तशी बाजूला एक पट्टी उघडली, अर्धी हिरवी, पुढं पिवळी, शेवटी लाल. वर लिहिलं होतं, ताण. आणि पट्टीखाली कारणांची यादी, प्रत्येकापुढं आकडा. थंडीत झोपला, सहा. उभ्यानं जेवला, तीन. मित्र रागावून बोलला, चार. खोली सुंदर आहे, वजा पाच.

मामा खुर्ची पुढं ओढून बसले.

"आणि लाल झालं की?"

"मग बिनसतं त्याचं. कुणी भांडी फोडतं, कुणी कोठारातलं सगळं खाऊन टाकतं, कुणी बर्फात नुसतं फिरत राहतं. तेव्हा काही करता येत नाही. बघत बसायचं."

"तोवर जाऊच कशाला द्यायचं?" मामा म्हणाले आणि स्क्रीनवर दोनदा टकटक केली.

त्या दिवसापासून घर सुटलं आणि बर्फातली वसाहत सापडली. मामांना त्या बारा जणांचा लळाच लागला. गेममधली नावं बदलून त्यांनी प्रत्येकाला कामावरून नाव दिलं : सुतार, गवंडी, आचारी, वैद्यबाई. जेवताना मामींना बातम्या मिळायच्या. "आचाऱ्याचं काही खरं नाही. सत्तरवर गेलाय." मामी म्हणायच्या, "मग त्याला माझ्या हाताखाली पाठवा, सुतासारखा सरळ करते."

मामी हे म्हणू शकत होत्या, कारण तेव्हा धाकटी होती.

धाकटी म्हणजे मामींची सख्खी बहीण, दोन गल्ल्या सोडून राहायची. मामांच्या पुढच्या खोलीत दोन शिलाई मशिनी समोरासमोर मांडलेल्या होत्या, एक हिची, एक तिची. सकाळी दहाला धाकटी यायची, चपला काढायच्या आधीच बोलायला सुरुवात करायची, आणि संध्याकाळी उजेड उतरेपर्यंत त्या खोलीत दोन मशिनींचा आणि दोन बायकांचा आवाज चालू असायचा. शर्ट, झगे, कोट, जे येईल ते. त्यांच्या शिवण्याची एक रीत होती. लहानपणी घरात मशीन एकच, आणि शिकायची घाई दोघींना. रोजच्या भांडणाला कंटाळून आईनं निवाडा केला : उजवी बाही थोरलीनं जोडायची, डावी धाकटीनं. पुढं दोघींची लग्नं झाली, दोन मशिनी झाल्या, केस पिकले, पण त्या घरातून एका हाताचं कापड कधी बाहेर पडलं नाही. एक बाही हिची, एक बाही तिची. गिऱ्हाइकाला फरक कळायचा नाही. या दोघी मात्र शर्ट उलटा करून काखेतल्या शिवणीवरून नुसतं बोट फिरवायच्या आणि डोळे मिटून सांगायच्या. मामी टीप संपवताना दोनदा मागेपुढे करायच्या, धाकटी तीनदा. "तिचा स्वभावच संशयी," मामी म्हणायच्या. "आणि हिचा आळशी," धाकटी म्हणायची.

मामा निवृत्त झाल्यावर चौथ्या महिन्यात या दोघींचं काहीतरी गुपित चाललं होतं. मामा खोलीत शिरले की एक निळ्या चौकडीचं कापड भर्रकन चादरीखाली जायचं आणि दोघी हसायला लागायच्या. मामांना वाटलं, आपल्या मिशांना हसतात. त्यांनी मिशा बारीक केल्या, तर त्या आणखीच हसल्या. मग एका मंगळवारी संध्याकाळी दिवे गेले. धाकटी मशिनीवरून उठली, "उरलेली अर्धी उद्या गं," म्हणाली आणि घरी गेली. सकाळी ती उठलीच नाही. झोपेतच हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले.

आठ महिने झाले त्याला.

मामी रडल्या नाहीत असं नाही. पहिले पंधरा दिवस सगळे रडतात, तशा रडल्या. पण मग रडणं थांबलं आणि त्याबरोबर बाकीचंही थांबलं. "हं" आणि "नको", एवढे दोनच शब्द घरात उरले. ताटात चार घास घ्यायच्या, दोन ठेवायच्या. रोज सकाळी दहाला मात्र न चुकता आपल्या मशिनीवर जाऊन बसायच्या. तेल घालायच्या, दोरा ओवायच्या, आणि हात मांडीत ठेवून समोर बघत राहायच्या. मधेच उठायच्या, धाकटीच्या मशिनीवरची चादर टोकाला धरून जराशी उचलायच्या, आत बघायच्या, परत ठेवायच्या. गिऱ्हाइकं आधी समजून घेत होती, मग हळूहळू दुसरीकडे गेली.

मामांनी डॉक्टर गाठला. डॉक्टर म्हणाला, "दुःख आहे, वेळ लागेल." मामा म्हणाले, "म्हणजे किती?" डॉक्टरला वाटलं हे थट्टा करताहेत, आणि तो हसला. मामांना त्या हसण्याचा फार राग आला. चौतीस वर्षांत अख्ख्या शहराचा दाब त्यांनी सांभाळला होता, एकदाही पाईप फुटू दिला नव्हता, आणि आपल्या घरातल्या एका बाईचा काटा कुठं आहे, हिरव्यात का लालात, ते सांगायला कुणी तयार नव्हतं. कधीकधी मामी खिडकीशी बसलेल्या असायच्या आणि मामा दारातून बघत राहायचे. त्यांचं बोट आपोआप उचललं जायचं, आणि मग त्यांना स्वतःचीच लाज वाटायची.

मग त्यांनी जे येत होतं ते करून बघितलं. वसाहतीत खोली सुंदर केली की वजा पाच मिळायचे, म्हणून त्यांनी स्वतः शिडीवर चढून पुढच्या खोलीला पिवळा रंग दिला. कुंड्या आणल्या. उभ्यानं जेवलं की तीन वाढतात, म्हणून जेवायचं टेबल खिडकीपाशी उजेडात सरकवलं. मामी ताटली घेऊन ओट्याशीच उभ्या राहिल्या. नवी उशी आणली. ती मामींनी मामांच्याच डोक्याखाली सरकवली. मामा रात्री हिशेब मांडायचे, वजा पाच, वजा तीन, वजा दोन, आणि सकाळी मामी तशाच. मुलगी फोनवर वैतागली, "बाबा, आई म्हणजे गेम नाही." मामा म्हणाले, "मला माहीत आहे." माहीत होतंच त्यांना. पण दुसरं काही हाताशी नसताना माणूस काय करणार, ते मुलीनं सांगितलं नाही. सांगण्यासारखं तिच्याकडेही काही नव्हतं.

त्याच दिवसांत वसाहतीत दरड कोसळली आणि गवंडी गेला. सुताराचा तो भाऊ. सुताराची पट्टी दोन दिवसांत पिवळी, चौथ्या दिवशी लालच्या तोंडाशी. हातातलं काम टाकून तो झोपायच्या खोलीत जायचा आणि भावाच्या रिकाम्या खाटेपाशी उभा राहायचा. मामांनी यादी उघडली. भाऊ गमावला, वीस. आणि शेजारी लिहिलेलं, अजून साठ दिवस. मामांना त्या साठ दिवसांचा हेवा वाटला. त्याखाली दुसरी ओळ होती : गेलेल्याची खाट दिसली, आठ. आणि हे आठ रोज नव्यानं वाढत होते.

मामांनी खाट मोडायला सांगितली. तीन दिवसांत सुतार हिरव्यात आला. पाचव्या दिवशी त्याच्या डोक्यावर सुराचं चिन्ह दिसायला लागलं. तो शीळ घालत टेबलं करत होता.

इथंच घात झाला. मामा खुर्चीत मागं रेलले आणि त्यांची नजर अर्धवट उघड्या दारातून पुढच्या खोलीत गेली. धाकटीचं मशीन चादरीखाली उभं होतं. रोज दहाला आठ. महिन्याचे किती झाले? आठ महिन्यांचे किती झाले? आणि आपण कुंड्या आणतोय. मामांना आपल्या मूर्खपणाचं हसू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना फिरवायला एक चाक सापडलं होतं, आणि त्या आनंदात ते टकटक करायला विसरले.

गुरुवारी मुलगी मामींना डोळे तपासायला घेऊन गेली. मामांनी कोपऱ्यावरच्या टेलर मास्तरांना बोलावून घेतलं. मास्तर सज्जन माणूस. धाकटीच्या जुन्या लोखंडी मशिनीवर त्यांची कधीपासून नजर होती, पण मागायची हिंमत नव्हती. ते आपल्या मेहुण्याला घेऊन आले. चादर काढली तेव्हा सुईखाली काहीतरी निळं अडकलेलं होतं.

"मामा, हे कापड?"

"असेल कुण्या गिऱ्हाइकाचं राहिलेलं," मामा म्हणाले. त्यांचं लक्ष घड्याळाकडे होतं. "तेवढं पुरं करून टाका मास्तर. बाहीच राहिलेली दिसते."

"आजच करतो. नवं मशीन आलं म्हणून पहिलं काम तुमच्या घरचं."

दोघांनी मशीन उचललं. मामांनी फरशी पुसली, मशिनीच्या जागी सगळ्यांत मोठी कुंडी ठेवली, आणि खुर्चीत बसून वाट बघायला लागले.

मामी आल्या. चपला काढल्या. खोलीत दोन पावलं टाकली आणि थांबल्या. कुंडीच्या बाजूला फरशीवर मशिनीच्या पायांचे चार काळपट ठसे होते; ते पुसून गेले नव्हते.

"मशीन?"

"मास्तरांना दिलं," मामा म्हणाले. मनात पाठ केलेलं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. "रोज डोळ्यांसमोर नको. रोज बघतेस, रोज त्रास होतो. आता बघ तू, चार दिवसांत बरं वाटेल."

"त्यावर कापड होतं."

"ते मास्तर पुरं करून देणार आहेत. मी सांगितलंय."

मामी खाली बसल्या. खुर्ची होती, पण जमिनीवरच बसल्या. आणि मग बोलल्या. आठ महिन्यांत इतकं सलग त्या पहिल्यांदाच बोलत होत्या, आणि क्षणभर, खोटं कशाला सांगा, मामांना आनंदच झाला.

"तुमचा शर्ट होता तो. वाढदिवसाला द्यायचा होता. उजवी बाही मी जोडली. डावी ती जोडत होती, अर्धी झाली आणि दिवे गेले. म्हणाली, उरलेली अर्धी उद्या." मामी फरशीकडे बघत होत्या. "मी रोज बसते ना दहाला, ती तेवढ्यासाठी. तिची टीप जिथं थांबली तिथून पुढं मी जोडायची. रोज ठरवते. रोज वाटतं, आज नको. तिची टीप संपली की मग संपलंच ना सगळं. पण काल वाटलं होतं, करीन. डोळे तपासून आले की करीन म्हटलं होतं."

मुलगी दारात उभी होती. तिनं बाबांकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग असता तर मामांना सोसला असता.

मामा चप्पल न घालताच निघाले. कोपरा काही लांब नव्हता, पण साठीच्या माणसाला पळताना बघून लोक वाटेतून बाजूला झाले. दुकानात मास्तर धाकटीच्या मशिनीवरच बसले होते, आणि मामांना बघून त्यांचा चेहरा फुलला.

"या या मामा. आत्ताच झाला बघा." त्यांनी शर्ट झटकून समोर धरला. निळी चौकडी, खांद्यावर रेघेला रेघ जुळलेली. "बाही अर्धीच होती, आणि होती ती टीप जरा ढिली वाटली. म्हटलं, जोड कशाला द्यायचा, दिसतो तो. सगळी उसवली आणि नव्यानं मारली. काज-बटणंही करून टाकली. बाईंना सांगा, माझ्याकडून भेट."

मामांनी शर्ट हातात घेतला. रागवायचं कुणावर? मास्तरांनी सांगितलं तेच केलं होतं, वर मनापासून केलं होतं.

"उसवलेला दोरा कुठंय?"

"दोरा?" मास्तरांना कळेना. "खालीच असेल. नाहीतर त्या टोपलीत."

मामा टोपलीपाशी गुडघ्यांवर बसले. दिवसभराच्या चिंध्या, कातरणी, दोऱ्यांचे तुकडे. लाल बाजूला काढले, पांढरे काढले, काळे काढले. निळे उरले. पण निळे काय थोडे होते? फिका निळा, गडद निळा, कुणाच्या पँटीचा, कुणाच्या गणवेशाचा. मामा एकेक तुकडा बोटांत धरून उजेडात बघत होते. चौतीस वर्षं लांबून काटा वाचणारे त्यांचे डोळे. पण कुठल्या दोऱ्याला धाकटीचा हात लागला होता, हे सांगणारं त्या दोऱ्यावर काहीच नव्हतं. मास्तर आणि त्यांचा मेहुणाही वाकून शोधू लागले. "अंगठी पडली का मामा?" मेहुण्यानं विचारलं. मामांनी मान हलवली, हो का नाही ते त्यांनाही कळलं नाही.

मशीन तासाभरात परत आलं. मास्तर दहादा माफी मागत होते, आणि कशाबद्दल ते त्यांना धड माहीतही नव्हतं. चार पाय चार ठशांवर नेमके बसले. मामांनी शर्ट मामींच्या हातात दिला आणि दुसरी मूठ उघडली. मुठीत निळ्या दोऱ्यांचा गुंता होता.

मामींनी गुंत्याकडे पाहिलं. मग शर्ट उलटा केला, डावी बाही घेतली आणि डोळे मिटून काखेतल्या शिवणीवरून बोट फिरवलं. बोट शेवटापर्यंत गेलं. तिथं थांबलं. मागं आलं, परत गेलं.

"मास्तरांचा हात चांगला आहे," त्या म्हणाल्या. "घाला. तुमचाच आहे."

मामांनी शर्ट घातला. बरोब्बर बसला, धाकटीची मापं कधी चुकायचीच नाहीत. मामींनी पुढं होऊन कॉलरचं बटण लावलं, खांद्यावरची सुरकुती हातानं सारखी केली. मामा त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. इतक्या जवळून बघूनही त्यांना काही कळत नव्हतं. ओरडल्या असत्या, भांडी फोडली असती, बर्फात चालत निघून गेल्या असत्या, तरी चाललं असतं. मामींनी फक्त तो दोऱ्यांचा गुंता घेतला, जरा विचार केला आणि बॉबिनच्या डबीत ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी दहा वाजले. मामा दारात येऊन उभे राहिले. मामी स्वयंपाकघरात होत्या. पुढच्या खोलीत दोन्ही मशिनींवर चादरी होत्या.

त्या दुपारी मामांनी निळा शर्ट घालूनच गेम उघडला. सुतार शीळ घालत होता. मामांनी त्याला गवंड्याची खाट पुन्हा करायला लावली, त्याच जागी, त्याच लाकडाची. सुतारानं ती घटकाभरात केली. मामांनी खाटेवर बोट ठेवलं. लिहिलेलं आलं : खाट, नवी. मालक कुणी नाही. सुतार शेजारून दोनदा गेला. थांबला नाही.

मागं पावलं वाजली. मामी चहा घेऊन आल्या होत्या. कप ठेवताना त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं.

"हाच ना तो सुतार? भाऊ गेला तो?"

"हो."

"कसा आहे?"

"बरा आहे," मामा म्हणाले. "हिरव्यात आहे."

"भावाची आठवण काढतो?"

मामांनी यादी उघडली. वरपासून खालपर्यंत वाचली. वसाहतीतले दिवस भराभर उलटायचे; ते साठ कधीच संपले होते.

"नाही. आता काही नाही."

मामी थोडा वेळ त्या शीळ घालणाऱ्या माणसाकडे बघत उभ्या राहिल्या.

"बिचारा," त्या म्हणाल्या, आणि मामांच्या कपावर बशी झाकून आत गेल्या.